वाळूच्या पोत्याचा सत्कार

...न्हाई, मी म्हनते, वाळूच्या पोत्याला शाल कावून पांघरावी? सांगा ना. ऊन मरनाचं, मानसाच्या अंगावर कापड सोसंना, आन् पोत्याला शाल, पोत्याला नारळ, पोत्याच्या गळ्यात हार... पोत्याला गळा असतो का बाया हो? सुतळीनं बांधल्यालं तोंड असतं, त्यालाच गळा समजून हार घातला. आन् तिकडं बाभळीखाली बाजंवर एक पोर कळा सोसत पडल्याली, तिच्याकडं बगायला कुनाला सवड न्हाई. पर मी मधूनच सुरू झाले. बसा नीट, पयल्यापासून सांगते.

आटपाट नगर म्हनावं तर नगर न्हवतं, आटपाट माळ व्हता. तलवाड्याच्या पल्याड, वढा वलांडून. माळावर धनगराची वस्ती, वस्तीत धुळाजी नावाचा मेंढका, त्याची बायकू ताराबाई, लेक सोमेश्वर, सून संगीता. मेंढरं व्हती, लोकर व्हती, दूध व्हतं, देवानं हात आखडला न्हवता. फकस्त वस्तीला सडक द्यायचं इसरला, आन् देव इसरला ते सरकारला तरी कुठून आठवावं?

पाच सालामागं पावसाळ्यात संगीताचे दिस भरले. वढ्याला पानी, वाटंला गुडघाभर चिकूल. दवाखान्याची गाडी वढ्याच्या अल्याड हुबी, आन् गाडीवाला फोनवर सांगतो की म्होरं चाक जात न्हाई, तुमीच पोरीला घिऊन या. घातली बाजंवर, चौघांनी उचलली. वढ्याच्या मधोमध लेकरू आलं. मुलगा व्हता. रडला न्हाई. ताराबाईनं उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली... मेंढीचं कोकरू आसं गपगार पडलं ना, तर ती नाकात गवताची काडी घालती, कोकरू शिंकतं आन् उठतं. तिनं काडी बी घालून पायली हो. मानसाचं लेकरू न्हाई शिंकलं.

तवापासून ताराबाईच्या डोस्क्यात एकच. सडक. मेंढरामागं सडक, भाकर थापताना सडक. संगीताला पुन्यांदा दिस गेले तशी ती उठली ती थेट सुंदररावाच्या दारात. सुंदरराव म्हंजी त्या भागातला मोठा मानूस, जमीनदार, पुढारी, कुनाचं लगीन त्याच्याबिगर लागत न्हाई आन् कुनाची सडक त्याच्याबिगर व्हत न्हाई. तिचं समदं ऐकून घेतलं त्यानं, च्या पाजला, आन् हासला. म्हनला, "ताराकाकू, सडकंचं याड सोडा आता. आपल्या माळावर उडती गाडी येनार हाय. इजेवर चालती. जागच्या जागी हुबी चढती, हुबी उतरती, तिला ना डांबर लागतं ना पूल. तुमची सून वरून जाईल."

वरून जाईल म्हनं!

आता तुमी इचाराल, ही गाडी आमच्याच माळावर कावून? तर त्याचं आसं की बेंगळुराची का कुठली एक कंपनी, तिला ही गाडी शहरात चालवायची. शहरात म्हनं सडका इतक्या झाल्यात आन् त्यावर गाड्या इतक्या, की मान्सं हाफिसाला निगत्यात तरनी आन् पोचत्यात म्हातारी. म्हनून त्यांना वरून न्यायचं. पर आदी शिकवनी पायजे, आन् शिकवनीला मोकळं रान पायजे, म्हंजी गाडी पडली तर कुनाच्या डोस्क्यावर पडू नये. बगा कसं. ज्यांना सडका जास्ती झाल्या त्यांच्यासाठी ज्यांना एकबी न्हाई त्यांच्या डोस्क्यावर. आमची डोस्की त्यांनी मोजलीच न्हाईत.

पर ताराबाईनं इस्वास ठिवला. ठिवंना तर काय करंल? ज्याला खाली वाट न्हाई तो वरच बगतो. घरी येऊन तिनं आड्याला झोका बांधला आन् पोटुशा सुनंला रोज त्यात बसवायला लागली, हळूहळू, जरा जरा वर. कावून? तर वर गेल्यावर पोरीला भवंड येऊ नये. धुळाजी म्हनला, आगं, तिला काय झोक्यात बसून जायचंय का? तर ही म्हनती, तुमी मेंढरं बगा. आन् कुनी वस्तीवरचं इचारलं की काकू, औंदा वढ्याला पानी आलं तर? की हिचं ठरल्यालं. सून वरून जाईल.

आन् मंग आली बया ती गाडी. कशी आली? उडत? आरं कशाची उडत! लांबलचक ट्रकावर निजून आली. पंख सोडून बाजूला बांधल्याले, कोंबडी बाजारला नेत्यात तशी. म्हनं बेंगळुराहून उडत यायला तिची बॅटरी पुरत न्हाई. आन् तो ट्रक येऊन हुबा ऱ्हायला कुठं? वढ्याच्या अल्याड. चाक म्होरं जाईना.

दुसऱ्या दिशी सकाळच्याला जेसीबी. मागं टिप्पर, टिप्परमागं टिप्पर. वढ्यात ही मोठाली पायपं टाकली, वर मुरूम, मुरमावर पानी, पान्यावर रोलर. दोन दिसात वस्तीपातुर चकचकीत सडक. जिला सडक लागत न्हाई तिच्यासाठी, बरं का. ताराबाई वढ्याच्या काठावर बसून बगत व्हती. रोलरवाल्याला इचारलं की बाबा, आशी सडक कराया किती दिस लागत्यात? तो म्हनला, मावशे, फोन आला तर दोन दिस, न्हाई आला तर जलम. ती उठली, पदर झटकला आन् मेंढरांकडं गेली. त्या दिशी तिनं भाकर खाल्ली न्हाई, आसं धुळाजी सांगतो.

उडवायचा दिस उगवला. मांडव, फेटे, भोंगा, समदा तालुका माळावर. आन् त्याच सकाळी संगीताच्या कळा सुरू झाल्या. आता तुमीच सांगा, ताराबाईनं काय करावं? तिनं केलं ते कुनीबी केलं असतं. सोमेश्वराला म्हनली, घाल बाजंवर, गाडी दारात आलीया. आन् आनून ठिवली पोरीला मांडवाच्या मागं बाभळीखाली. वरून जायचं ना?

तर भाषनं चालू. एकाचं झालं, दुसऱ्याचं, मंग सुंदररावाचं. मंग सत्कार. पत्रिकेत छापल्यालं व्हतं, 'प्रथम प्रवाशांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार'. भोंग्यावर पुकारलं, पयल्या प्रवाशांनी फुडं यावं. कोन येतंय? गाडीत मानूस न्हवताच. चालवनारा बी खालीच, तंबूत रिमोट घिऊन बसल्याला. आत खुर्च्यावर चार वाळूची पोती, मानसाच्या वजनाची, पट्टे लावून, ताठ. आमच्याकडं वाळू रातची ट्रकातून पळती हे ठाऊक व्हतं, पर दिवसाढवळ्या पट्टा लावून आभाळात निगाल्याली तवाच पायली. मंग आता सत्काराचं काय? शाली आनल्याल्या, नारळ सोलल्याले, फोटूवाला हुबा. सत्कार ठरला म्हंजी ठरला. केला पोत्यांचा. समद्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. लोक हासत व्हते, पर टाळ्या बी वाजवत व्हते.

ताराबाई न्हाई हासली. ती गर्दीतून निगाली ती थेट गाडीपाशी. तिथं मोहिनी मॅडम, कंपनीची मोठी बाई, पोत्यावरल्या शाली काढत व्हती, पंख्यात अडकत्याल म्हनून. ताराबाईनं तिचा हात धरला.

"बाई, ह्यातलं एक पोतं उतरवा. माजी सून आडलीया. ती पोत्यापरीस हलकी भरंल."

"नाही बसवता येणार, आजी."

"कावून? पोत्याचा मान मोठा हाय का तिच्यापरीस?"

मॅडमनं हातातली शाल खाली ठिवली. मंग म्हनली, "आजी, पोतं पडलं तर पोतं पडतं. तुमची सून पडली तर मी काय करू?"

ताराबाईनं धरल्याला हात सोडला. राग आला म्हनून न्हवं हो. सून पडली तर काय, हे त्या माळावर आजवर कुनी इचारलंच न्हवतं. सुंदररावानं न्हाई, दवाखान्याच्या गाडीवाल्यानं न्हाई. इचारलं ते ह्या परक्या बाईनं, आन् ते बी न्हाई म्हनताना.

मॅडमनं आपल्या जीपवाल्याला हाक मारली, आन् ताराबाईला म्हनली, "खाली सडक आहे ना, आजी?"

सडक. ताराबाई सडकच इसरली व्हती. सात-आठ म्हयने गेले 'वर, वर' ऐकून, आन् पायाखाली आल्याली सडक तिला दिसलीच न्हाई. आपली म्हनून दिसायला ती आपल्यासाठी केल्याली तरी पायजे ना.

बाज उचलून पोरीला जीपमधी घातली. तिकडं गाडी हुबीच्या हुबी वर गेली, समद्यांच्या माना वर, फेटे मागं पडले, आन् खालून जीप निगाली ती कुनीच बगितली न्हाई. वढा आला. ज्या वढ्यात त्या टायमाला अर्दा दिस गेलता, एक जीव गेलता, तो वढा ताराबाईनं तोंडाला पदर लावूस्तवर मागं पडला. ती रडायला लागली. संगीता कळांमधून म्हनली, आत्या, आता कावून रडता, वलांडला ना वढा.

ताराबाई म्हनली, "म्हनूनच."

गेवराईच्या दवाखान्यात पोचत्यात न पोचत्यात तोच मुलगी झाली. आशी वरडली, आशी वरडली, की नर्सबाईनं कानावर हात ठिवले आन् ताराबाईनं समद्या दवाखान्याला गूळ वाटला.

उडती गाडी? ती काय, चार दिस माळावर घिरट्या घातल्या, आन् पंख सोडून, ट्रकावर निजून, गेली आपल्या शहराकडं. तिला उतरायला काँक्रीटचा गोल केल्याला, तिथं आता एसटी वळती. धुळाजीची मेंढरं बाजारला जात्यात, संगीताची पोर अंगनवाडीला जाती, दुधाचा टेंपो दारात येतो. देवानं दिलं म्हनायचं. कुनाला दिलं आन् कुनाच्या नावानं दिलं, ते इचारू नये.

फकस्त मुरमाची सडक, पावसात खड्डे पडत्यात. पर ताराबाई आता आर्ज करत न्हाई की सुंदररावाच्या दारात च्या प्यायला जात न्हाई. खड्डा पडला की ती तलवाड्याच्या बाजारात जाती, मिरच्या घेता घेता चार बायांच्या कानात सांगती, की ऐकलं का, ती उडती गाडी पुन्यांदा येनार हाय म्हनं आमच्याकडं, मोठमोठे सायेब घिऊन.

गाडी काय येत न्हाई. पर आठ दिसात रोलर येतो.