दोन्ही दारांचं कार्ड

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावर, घरात म्हसरं, दूध घेऊन खाली उतरायचं हेच लहानपण. दिलं दासगावला. इथं भातशेती हाय, पण सावित्री नदीचं पाणी शिरलं की हाताला काय लागत नाय, म्हणून मी महाडच्या केमिकल कंपनीत साफसफाईला लागली, ठेकेदाराकडनं. तिथं सुनंदा भेटली, सव गावची. ती माझ्याआधीपासून होती, लॅबमधी पुसताना कशाला हात लावायचा नाय, वास आला तर कुठल्या दारानं पळायचं, सगळं तिनंच शिकवलं. डबा एकत्र खायचो. माझ्या पोरीच्या बाळंतपणाला दवाखान्यात माझ्यासोबत ती बसली, सख्खी बहीण आली नाय. काय सांगू तुम्हाला, तशी बाई मिळायची नाय.

मंग कंपनीनं दारांची मशीनं बदलायला काढली. आधी साधं कार्ड होतं, मशीनला लावलं की दार उघडायचं, पण त्या कार्डाची कोणीपण नक्कल करतंय म्हणाले. आता सगळी दारं एकदम कशी बदलणार, काम चालू ना, म्हणून मधल्या दिवसांसाठी दोन्ही मशीनला चालणारं कार्ड काढलं, जुन्या दाराला पण चालतं, नव्याला पण. ती कार्डं आली मोजकी. ठेक्याच्या बायकांत एकच द्यायचं ठरलं आणि नाव माझं निघालं. का निघालं ते मला आजपण ठाऊक नाय. मी कुणाकडं मागाया गेली नव्हती.

लॅबचं दार पहिलं बदललं. सुनंदाचं कार्ड लागेना, ती बादली घेऊन उभी राहायची, बोलायची, उघड गो. मी उघडायची, दोघी आत जायचो. ते कॅमेऱ्यात दिसलं. साहेबांनी बोलावून सांगितलं, एका कार्डावर एकच माणूस, परत दिसलं तर दोघी घरी. मी बोलली, साहेब, तिला पण द्या ना एक. ते बोलले, सगळी दारं झाली की सगळ्यांनाच नवं कार्ड मिळंल, थोडं थांबा.

हे मी तिला सांगितलं. ती ऐकून घेत होती, बादली खाली ठेवली नाय. मंग बोलली,
"तू आधी आपलं बघितलंस, बरं केलंस."
मी पोरीची शपथ घेतली, कार्ड मी मागितलं नाय म्हणून, तरी तिला पटलं नाय. तिला बाहेरच्या आवारात झाडायला लावलं, उन्हात. डबा ती गेटजवळ एकटीच खायाला लागली, मी जाऊन बसली की तिचं खाणं झालेलं असायचं. पुढं एक दिवस ती आली नाय, ती कायमचीच.

तिचं नाव यादीत तसंच होतं, म्हणून सगळी दारं झाली तवा तिचं पण नवं कार्ड आलं, फोटोचं. सुपरवायजरला सांगून मी ते घेऊन सवला गेली. तिनं चहा केला, तिच्या सुनेची, माझ्या नातवाची विचारपूस झाली, आणि कार्ड बघून बोलली, फोटो चांगला आलाय गो, पण आता नको, परत देऊन टाक. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता जुनी मशीनं काढून टाकली, माझं ते दोन्हीचं कार्ड पण जमा झालं, सगळ्यांचं एकसारखं हाय. लॅब मी एकटीच पुसते. महाडच्या बाजारात ती दिसते कधी, हसते, बरी हायस ना विचारते, आणि पुढं जाते. सुखी राहू दे तिला. माझ्याबद्दल तिच्या मनात काय हाय ते तिचं तिला ठाऊक, मी आता विचारत नाय.