महिला मेळाव्याचे अध्यक्ष

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. लाखांदूरजवळच्या आमच्या घरी आम्ही दोघी जावा तांदूळ निवडत बसलो होतो, तेव्हा दवंडी ऐकू आली. गावात महिला आरोग्य मेळावा आहे, नागपूरची डॉक्टरीणबाई येणार. जाऊबाईंच्या अंगावरून महिनोन् महिने लाल जात होतं. त्या हळूच म्हणाल्या, "या बाईले सारं सांगूनच टाकीन."

मेळावा बायकांचा, म्हणून अध्यक्ष अर्थातच आमचे सासरे. ते सरपंच होते. आम्ही सुना त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसू, बोलणं तर दूरच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपलं शरीर आपलं आहे. त्याबद्दल आपणच बोलायचं. पुरुषांनी जरा बाहेर जावं."

बाकीचे उठले. मामंजी खुर्चीतच.

"अध्यक्षच उठून गेला, तं सभा कायची जी? बोला पोरींनो, लाजता काहून? मी तं घरचाच आहो."

जाऊबाई उभ्या राहिल्या. पदर हनुवटीपर्यंत ओढून म्हणाल्या, "डोकं दुखते जी."

त्यांना डोकेदुखीच्या गोळ्या मिळाल्या. समारोपाला पुरुष मंडळी परत आली, तेव्हा मामंजी म्हणाले, "बाईनं मोकळेपणानं बोललं पाहिजे. सुरुवात माह्या घरूनच झाली." टाळ्या खूप पडल्या.

भाताच्या पुढच्या रोवणीआधी जाऊबाई गेल्या. त्यांची तपासणी कधी झालीच नाही.