आठ पैंचा हट्ट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वसतिगृहाचे ज्येष्ठ विश्वस्त आदरणीय तात्यासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, माझे सहकारी, समोर बसलेल्या माझ्या मुलींनो, आणि बसा बसा म्हटलं तरी दाराशीच उभ्या राहिलेल्या, आमचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मालनबाई,

आपण सगळे माझ्याविषयी इतकं चांगलं बोललात की, एकतीस वर्षं इथं अधीक्षिका होती ती बाई मीच का, अशी मला शंका आली. शाल-श्रीफळ मात्र मी मघाशी टेबलावरच ठेवायला सांगितलं. मी रुसलेले नाही. एक काम राहिलंय, ते झालं की घेईन.

मुलींनो, पोर्चमधली देणगीदारांची शिळा तुम्ही रोज पाहता. निदान तिच्याखाली चपला तरी काढता. तिच्यावर सतरा नावं आहेत. १९५१ साली ही इमारत बांधताना संस्थेनं शब्द दिला होता की, जो शंभर कलदार देईल त्याचं नाव दगडावर कोरू. कलदार म्हणजे काय? तेव्हा आपल्या या शहरात दोन रुपये चालायचे. निजामाचा तो हाली आणि हिंदुस्थान सरकारचा तो कलदार. सात हाली मोजले की सहा कलदार, असा सरकारी भाव होता. दोन्हींत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. गुलमंडीत सराफ काय भाव लावायचा, ते मात्र विचारू नका!

मालनबाईंची आजी भागूबाई करमाडची. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. मजुरी हालीत मिळायची. आपल्या नातींनी तरी शिकावं म्हणून तिनं इथं शंभर कलदार दिले, असं मालनबाई कायम सांगत आल्या. त्यांच्याच शब्दांत सांगते. "पावती करनारा म्हनला, आठ पै राहू द्या, बाई. आजी म्हनली, राहू द्यायच्या न्हाईत. मंग शंभर व्हत न्हाईत."

आम्ही काय केलं? हसलो. खडी फोडणारी बाई आणि शंभर रुपये? मी तर एकदा भरल्या पंगतीत म्हणाले, "मालनबाई, आजीचे शंभर पुरे झाले, आता भाजी वाढा." त्यांनी भाजी वाढली. मला त्याची आज लाज वाटते.

वसतिगृहाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९७६ साली, ही शिळा बसली. भागूबाई करमाडहून आपलं नाव बघायला आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून चौथीतल्या मालनला बरोबर आणलं होतं. मालननं सतरा नावं वाचली. आजी म्हणाली, "परत वाच." मालननं परत वाचली. मग दोघी घरी गेल्या. त्यानंतर गावानं म्हातारीला खोटारडी ठरवलं, ते ती जाईपर्यंत.

गेल्या महिन्यात कार्यभार सोपवण्यासाठी मी जुनं कपाट रिकामं केलं. त्यात पावतीपुस्तक सापडलं. हे बघा. "भागूबाई, करमाड. हाली रुपये एकशे सोळा, आणे दहा, पै आठ." देणगी इतक्या आडनिड्या आकड्याची कोण देतं? मी सातानं भागलं, सहानं गुणलं. बरोबर शंभर कलदार आले. एक पै कमी नाही, एक जास्त नाही!

मग नाव का गेलं? त्याच कपाटात देणग्यांची नोंदवहीही होती. तिच्यात बाकी सगळ्यांचे आकडे हालीतले. हिनं शंभरच लिहा म्हणून हट्ट धरला, म्हणून लिहिणाऱ्यानं थेट शंभर लिहिले. आकड्यापुढे 'कलदार' लिहायचं राहून गेलं. पंचवीस वर्षांनी यादी करणाऱ्याला वाटलं, हेही हालीच. त्यानं पुन्हा सातवा हिस्सा कापला आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, पंच्याऐंशी रुपये, अकरा आणे, पाच पै. झालं! बाई शंभराच्या खाली गेली.

तात्यासाहेब, ते अक्षर आपलं आहे. आपण तेव्हा तरुण चिटणीस होता. मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. मी हे आपल्याला पंधरा दिवसांपूर्वी दाखवलं. आपण म्हणालात, "सरिताबाई, निरोप गोड होऊ द्या. पुढं पाहू." पुढं कोण पाहणार? मी उद्यापासून नाही. मालनबाई येत्या मे महिन्यात निवृत्त होतील. शिळेवर सतराव्या नावाखाली चार बोटं जागा आहे, मी मोजलीय. रामकिसन पाथरवट बाहेर छिन्नी घेऊन बसलाय. आपल्या होकाराशिवाय तो दगडाला हात लावणार नाही आणि मी या माइकपासून हलणार नाही.

काय म्हणालात? पावती? घ्या ना. चष्मा देऊ?

... मंडळी, जरा शांत राहा. तात्यासाहेब आकडेमोड करताहेत.

हो, बोला. मी सांगते सगळ्यांना. तात्यासाहेब म्हणताहेत, नाव आजच कोरा. आणि नावापुढं नुसते शंभर नकोत, बाईनं मोजले तसे हालीतच लिहा. आठ पै राहू द्यायच्या नाहीत.

तात्यासाहेब, आपले आभार कसे मानू? आता ती शाल आणा, घेते. एकतीस वर्षं मला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. पण त्या पंगतीतल्या माझ्या हसण्याची माफी मी सभेकडे मागणार नाही. ती मालनबाईंकडे मागते.

मालनबाई, डोळे पुसा, चला पोर्चमध्ये. आज अठरा नावं वाचायचीत.