डेमोच्या केकवर मेणबत्ती

हॅलो?… व्हय, क्रांतीच बोलतोय, डेमोवाली… कोण, वर्षाराणीवहिनी? गडमुडशिंगीच्या?… बरं झालं तुमीच लावलासा. मीच लावणार हुतो.

काय?… कसला डब्यांचा सेट?… हां, ज्यांच्या घरात डेमो त्यांना भेट. व्हय, म्हणलो हुतो की. पण काल डेमो झाला कुठं तुमच्यात?… अवो ऐका तरी… न्हाय, न्हाय, आधी माझं ऐका!

आपलं काय ठरलं हुतं? आठ-धा बायका जमवतो म्हणालासा. बिनतेलाचं आमच्या कंपनीच्या कढईत कसं हुतंय ते मी दावायचं, त्यांनी चमचाभर चव बघायची. तेवढ्यापुरतं साहित्य माझं. माझं म्हंजे माझ्या पदरचं, वहिनी! कंपनी एक कांदा देत न्हाय… आणि येऊन बघतोय तर दारात चपला मावंनात! दीर, मेव्हणं, शेजारची पोरंटोरं… पंगत की वो सरळ!… चव? चव बघायला कोण तीनदा पुलाव घेतंय? आणि वर ‘पनीर जरा कमीच पडलं’ म्हणालं ते कोण?… तुमचं मालक? बघा!

एकानं तरी कढईची किंमत इचारली?… एकानं?… न्हाय की. शेवटाला मी मोरीत कढया घासत बसलो.

आणि केक! ‘ओव्हन नसला तरी कढईत रव्याचा केक हुतोय’ म्हणून मी झाकण काढतोय तवर तुमी मेणबत्ती खोचलासा! सगळी टाळ्या वाजवाय लागली, मी येड्यागत बघत ऱ्हायलो… माझ्या रव्या-साखरेवर पोरीचा वाढदिवस उरकलासा, वहिनी! सरळ सांगायचं. पैसं ठरवून केलं असतं. फसवायचं कशाला?…

रडताय व्हय?… आणि हळू का बोलताय?… सासूबाई आत हायत?… बरं, सांगा…

कोण म्हणालं?… ‘पोरीचा कसला आलाय वाढदिवस’?… आणि तिच्या भावाचा, राजवीरचा?… मांडव घालून?… अख्खी गल्ली जेवली?… आणि तेजस्वी सात वर्षांची झाली, तिचा एकदाबी न्हाय?… एकदाबी?… म्हणून डेमोचं नाव सांगून… हां, फुकटात हाय म्हटल्यावर गप्प बसल्या व्हय त्या…

थांबा. डोळं पुसा. सासूबाईंस्नी द्या फोन… द्या म्हणतोय न्हवं!… तुमी मला कायबी सांगितलं न्हाईसा, असंच धरा. मला दिसलं, मी बोलतोय. द्या.

हॅलो, बायडाबाई?… मी क्रांती… व्हय, कढईवाली. कालच्या साहित्याचं पैसं ऱ्हायल्यात… फुकट? डेमो फुकट असतोय, आजी. काल वाढदिवस झाला… तुमच्याच नातीचा… तुमच्यात पद्धत न्हाय? मग केकचं दोन तुकडं मागून कसं घेतलासा?… आवाज चढवू नका, माझाबी चढतोय… सुनेवर कशाला जाताय? माझ्याशी बोला… नगा देऊ. मग उद्या तुमच्या दारात येऊन तुमच्यात भजनाला जमत्यात त्या बायकांम्होरं सांगतो, बायडाबाईंनी नातीचा वाढदिवस परक्या बाईच्या खर्चानं केला…

हां?… पाठवतो आकडा… न्हाय, सुनेच्या हातनं न्हाय. तुमच्या हातनं घेणार… आणि पोरीला द्या जरा फोन… द्या की, खात न्हाय तिला.

तेजस्वी?… व्हय बाळ, कढईवाली मावशी… आवडला केक?… पुढच्या वर्षी? करू की. कढई माझी, साहित्य तुझी आजी देणार… खरंच. इचार तिला. तिथंच हाय न्हवं? इचार…

काय म्हणाली?… मला न्हाय ऐकू आलं. मोठ्यानं म्हणायला लाव…

…आलं ऐकू, ‘देतो’ म्हणाली ते. आता ठेवतो.