आधी कमान, मग मास्तर

“लातूरचा फिजिक्सचा मास्तर आपल्या शाळेत येणार म्हणं...” भिंतीपलीकडून मला एवढंच ऐकू आलं आणि शेजारणीचा मिक्सर सुरू झाला. अर्धं तर अर्धं, मी लगेच माझ्या मैत्रिणीकडं, महानंदाकडं गेले. तिची पूजा बारावीला, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. आमच्या मुरुम गावच्या त्या खाजगी शाळेतला मास्तर सोडून गेल्यापासून फिजिक्सच्या तासाला पोरी एकमेकींच्या हातावर मेंदी काढत बसतात.

तेवढ्यात शाळेनं देणगीसाठी बैठक बोलावली. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण महानंदाला सोबत नको का?

महानंदा उभी राहून अध्यक्षांना म्हणाली, “अण्णा, आधी फिजिक्सला मास्तर बघा. पोरीला लातूरला ठेवायची आमची ऐपत न्हाय.”

अण्णांनी आडतवाल्या शिवप्पांकडं बघितलं, कारण मोठी देणगी त्यांचीच. शिवप्पा म्हणाले, “पंखा दिला तर पात्यावर वडलांचं नाव येतं. कमान बांधली तर पार रस्त्यावरनं दिसतं. मास्तर दिला तर नाव लिहायचं कुठं, त्याच्या पाठीवर?”

सगळे हसले.

म्या म्हणलं, “लिहा की काका. तो फळ्याकडं वळला की पोरं वाचतील.”

यावर कुणी हसलं न्हाय. कमानच ठरली.

आणि लातूरचा मास्तर खरंच आला बरं का, कमानीचं उद्घाटन करायला. फेटा बांधून घेतला, फीत कापली. पूजा फिजिक्सचं अडलेलं गणित विचारायला पुढं गेली, तर म्हणाला, “बेटा, लातूरला ये. आमच्या क्लासचे प्रवेश चालू आहेत.”