रवींद्रचं खरं चित्र

आदरणीय अध्यक्ष संजय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आपल्या मराठी शाळेचे शिक्षक, पालक आणि पुढे मांडी घालून बसलेल्या मुलांनो, सर्वांना सुमित्राचा नमस्कार.

माझे पती रवींद्र आज शाळेच्या मुख्याध्यापकपदावरून निवृत्त होतायत. तुम्ही समारंभ ठेवलात, छान केलंत. पण मी चिडलेय, आणि आज गोड बोलायला मला जमणार नाही.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. तोंड वाकडं झालं, शब्द अडखळू लागले. तुम्ही फुलं घेऊन घरी आलात. ते समोर बसलेले, आणि "काका कसे आहेत?" हे विचारलंत मला! त्यांच्याकडे बघायची एवढी भीती वाटली?

इथे चित्रकला शिकवणाऱ्या पद्मिनीला नाही वाटली. शाळेच्या समितीनेच तिला त्यांचं पोर्ट्रेट करायला सांगितलं होतं. गोया या स्पॅनिश चित्रकाराने म्हातारपणी, जिवावरच्या दुखण्यातून उठल्यावर काढलेलं स्वतःचं चित्र तिने आम्हाला दाखवलं. मान कललेली, मुठीत पांघरूण, मागून डॉक्टर सावरून औषध पाजतायत. भोवती काळोख, आणि उजेड नेमका त्या थकलेल्या चेहऱ्यावर.

"काका, याने काहीच लपवलं नाहीये. तुमचं असं काढू?"

यांनी मान डोलावली. आपल्या या चँडलर शहराच्या वाळवंटी उन्हापायी आमच्या खिडक्यांच्या ब्लाइंड्स कायम बंद. तिने एक उघडली, वाकड्या ओठाच्या बाजूची. चित्र पूर्ण झालं तेव्हा हे कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा... मीच." आणि आजारपणात पहिल्यांदाच रडले.

आज इथे येऊन बघते, तर स्टेजवर कॉम्प्युटरने तोंड सरळ केलेला हा हसरा फोटो! चित्र कुठे? स्टोअररूममध्ये, खुर्च्यांच्या मागे. आपला सेक्रेटरी अमित म्हणतो, "काकू, थोडं डिप्रेसिंग वाटतं यार. फंक्शनला काहीतरी हॅपी हवं ना!"

कोणासाठी हॅपी, अमित? माणसाला सत्काराला बोलावता आणि त्याचा चेहरा रिजेक्ट करता?

पद्मिनी, आण गं चित्र. अमित, तो फोटो उतरव. हं, इथे ठेवा, दिव्याखाली. सावकाश, जड आहे ते. थँक्यू, अमित.

पाहुण्यांचे, समितीचे आणि तुम्हा सगळ्यांचे आभार. रागाच्या भरात एखादा शब्द जास्तच लागला असेल, तर तेवढा पोटात घाला.

आता रवींद्र बोलतील. वेळ लागेल. मध्येच टाळ्या वाजवून त्यांना थांबवू नका. त्यांच्याकडे बघा, आणि ऐका.