जात्याला बसलेल्या आपा

आपांचे भाईजान, वहिनी, आणि इथं दाटीवाटीनं बसलेल्या मंडळी,

उभी तर राहिले. सकाळपासून काय बोलायचं ते मनात घोळवत होते. इथं आले, आपांचा फोटो बघितला, आणि सगळं विसरले. सांभाळून घ्या.

मंगळवारी नजमाआपा गेल्या. तुमच्यातल्या कुणाला त्या फारसीच्या प्राध्यापक म्हणून माहीत, कुणाला उर्दूच्या शायर म्हणून. मला त्या भेटल्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर म्हणून, आणि तेही मी पळून निघाले होते तेव्हा. शिरोळकडची शेतकऱ्याची पोर मी. वर्गात 'व्हय' म्हटलं की पोरी हसायच्या. 'न्हाय' म्हटलं की बाकं हसायची. पहिल्याच वर्षी मी वळकटी बांधली. आपा दारात आल्या. त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी सगळे असंच बोलतात?" मी म्हटलं, "व्हय." "आणि गातात?" मी म्हटलं, "आई गायची जात्यावर. गिरण आल्यापासनं न्हाय गात." त्या म्हणाल्या, "रडून झालं असेल तर चहा घे. वळकटी सोड. रविवारी तुझ्या आईकडे जाऊ."

आणि खरंच आल्या की एस्टीनं! कॉलेजातल्या बाई येणार म्हणून आईनं खुर्ची मागून आणली होती. आपा खुर्चीवर बसल्याच नाहीत, थेट जात्यापाशी गेल्या. म्हणाल्या, "वहिनी, जरा फिरवा आणि दोन ओव्या म्हणा." आणि स्वतःच खुंट्याला हात घातला. आईनं चटकन त्यांचा हात धरला. "बाई, रिकामं जातं फिरवू नये. घराला चांगलं नसतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या विदुषीचा हात धरला म्हणजे काय! पण आपा हसल्या. म्हणाल्या, "चुकलंच माझं. मग दळूया की. पीठ मी घेऊन जाते."

आईनं सुपात जोंधळा घेतला. आपांनी पदर खोचला आणि समोर बसल्या. आपल्याकडं म्हणतातच, जात्यावर बसलं की ओवी सुचते. पीठ पडायला लागलं आणि आईचा आवाज सुटला. किती वर्षांनी ऐकत होते मी तो. माहेरी न्यायला येणाऱ्या भावाची ओवी होती. भिंतीपलीकडच्या हुसेनबीनं ती ऐकली, हातातलं काम टाकून आली, आणि तिनं तोच सूर उचलला. पण तिच्या दखनीत, आपल्याकडच्या मुसलमान घरांतल्या बोलीत. तिथंही भाऊच येत होता. एकीनं थांबावं, दुसरीनं उचलावं. आपांनी कागद काढला नाही. दळत राहिल्या आणि रडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहात त्या पिठाच्या भाकरी झाल्या. जाडसर होत्या, पण आपांनी आम्हाला कुरकूर करू दिली नाही. जेवताना हातावरचे फोड दाखवून त्या सगळ्या मुलींना म्हणाल्या, "हिच्या बोलीला हसायचं असेल तर आधी मला हसा. मीही आता अशाच बोलीत, दखनीत, लिहिणार आहे."

आणि लिहिलं, मंडळी. त्यांच्या गझला थोरामोठ्यांनी नावाजल्या होत्या. ते नाव पणाला लावून त्या दखनीत लिहायला लागल्या. गावोगाव फिरल्या. जिथं गेल्या तिथं आधी जात्याला बसल्या, मग ऐकलं. एका मुशायऱ्यात कुणी विद्वान म्हणाले, "बाई, हे तर स्वयंपाकघरातलं उर्दू." आपा म्हणाल्या, "जेवता तर तिथलंच ना?"

तर अशा होत्या आपा. मंडईत घासाघीस मराठीत करायच्या, रागवायच्या उर्दूत आणि लाड करायच्या दखनीत. मी तिन्ही भाषांतलं खाल्लं आहे. आज मी शाळेत मराठी शिकवते. वर्गात कुणी 'व्हय' म्हणालं तर कुणी हसत नाही. हे मला आपांनी दिलं. याचे उपकार कसे फेडायचे असतात? फेडायचे नसतातच बहुधा.

हुसेनबी आता नाही. माझी आई इथं आहे, त्या खांबापाशी बसली आहे. सकाळी एस्टीत तिनं मला विचारलं, "आता आमचं कोण लिवणार गं?" मी तिकिटं काढत बसले. आता सांगते. सगळ्यांसमोर सांगते.

आई, मी लिवणार. शाळंत शिकवती तसं न्हाय, तू बोलतीस तसं लिवणार.

आपा, तुमी निवांत ऱ्हावा. मी हाय.

मंडळी, उठा. आपांसाठी जरा येळ गप हुबं ऱ्हाऊया.